विश्लेषण : प्रश्न अग्निशमन दलाचा, उत्तर शास्त्रज्ञांचे... ऑस्ट्रेलियाचा वणवा-संशोधनाचा प्रयोग काय सांगतो?

७ फेब्रुवारी २००९, शनिवार. मेलबर्नमध्ये पारा ४६.४ अंश सेल्सिअसवर पोहोचला होता. उत्तरेकडून भट्टीसारखा कोरडा वारा वाहत होता. त्या दिवशी व्हिक्टोरिया राज्यात ठिकठिकाणी वणवे पेटले आणि १७३ जणांचा मृत्यू झाला. दोन हजारांहून अधिक घरे जळाली, सुमारे साडेचार लाख हेक्टर क्षेत्र होरपळले. ऑस्ट्रेलियाच्या स्मृतीत हा दिवस ‘ब्लॅक सॅटर्डे’ म्हणून कोरला गेला आहे.

या मृतांपैकी ११३ जण घरांच्या आत मरण पावले. चौकशी आयोगापुढे आलेल्या सगळ्या आकड्यांत हा आकडा सर्वाधिक अस्वस्थ करणारा होता. कारण घरात थांबणे हा त्या वेळी अधिकृत सल्ल्याचाच एक भाग होता. ‘तयारी करा, मग थांबून घर वाचवा किंवा लवकर निघून जा,’ असे अग्निशमन दले वर्षानुवर्षे सांगत होती. विशेष म्हणजे हा सल्ला कुणाच्या तरी मनात आले म्हणून तयार झालेला नव्हता. तो संशोधनातूनच आला होता.

अभ्यासावर उभा असलेला सल्ला इतका महाग का पडला? आणि तो चुकत असल्याचे सांगण्याची हिंमत कुणी दाखवली? वणवे, पूर, चक्रीवादळे यांवर ऑस्ट्रेलियाने उभारलेल्या संयुक्त संशोधनाच्या व्यवस्थेची खरी गोष्ट याच दोन प्रश्नांत आहे.

‘थांबा’ असे सांगण्यामागे काय कारण होते?

वणव्यात घर कसे पेटते, याबद्दल बहुतेकांच्या मनात एकच चित्र असते : ज्वाळांची भिंत चालून येते आणि घर गिळते. प्रत्यक्षात बरीचशी घरे ज्वाळांनी नव्हे, तर उडत आलेल्या निखाऱ्यांनी पेटतात. छताच्या पन्हळीत साचलेला पालापाचोळा, लाकडी पायऱ्यांखालची फट, उघडी राहिलेली खिडकी, एवढे त्यांना पुरते. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला दिसणारी निलगिरी मूळची ऑस्ट्रेलियाचीच. तिच्या काही जातींची साल लांब पट्ट्यांनी सुटते आणि पेटलेली पट्टी वाऱ्यावर कित्येक किलोमीटर जाते. ब्लॅक सॅटर्डेला मूळ आगीपासून ३० किलोमीटरहून अधिक अंतरावर नव्या आगी लागल्याच्या नोंदी आहेत.

आगीचा मुख्य पट्टा घरावरून जायला काही मिनिटेच लागतात. निखारे मात्र त्याआधी आणि नंतर बराच वेळ पडत राहतात. त्यामुळे धडधाकट माणूस बादली, पाइप आणि ओले फडके घेऊन थांबला, तर घर वाचू शकते आणि घरामुळे तोही वाचू शकतो. १९८३ च्या ‘ॲश वेन्सडे’ वणव्यांनंतरच्या अभ्यासांतून हे पुढे आले होते. दुसरी बाजू त्याहून महत्त्वाची होती. १९०० ते २००८ या काळातील ५५२ नागरिकांच्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या तेव्हा अगदी शेवटच्या क्षणी पळण्याचा प्रयत्न हे त्यांतील सर्वांत मोठे कारण निघाले. धुरात रस्ता दिसत नाही, झाड आडवे पडते, गाडी चरात जाते. म्हणजे उशिरा पळण्यापेक्षा थांबणे बरे, हा निष्कर्ष आकडेवारीला धरूनच होता.

मग चुकले कुठे? ही आकडेवारी मुख्यतः ‘नेहमीच्या’ वाईट दिवसांची होती. ब्लॅक सॅटर्डे त्या मोजपट्टीतच बसत नव्हता, आणि हे अगदी शब्दशः खरे आहे.

१०० वर संपणारी मोजपट्टी

वणव्याचा धोका किती, हे सांगण्यासाठी ऑस्ट्रेलियात अनेक दशके ॲलन मॅकआर्थर या वनशास्त्रज्ञाचा निर्देशांक वापरला जात होता. १९५० आणि ६० च्या दशकांत त्यांनी जंगलात शेकडो लहान आगी मुद्दाम लावून त्यांचा वेग मोजला. तापमान, हवेतील आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि जमीन किती सुकली आहे याचा घटक, असे चार आकडे त्यातून पुढे आले. हे चारही आकडे जुळवण्यासाठी त्यांनी पुठ्ठ्याची गोल फिरती तबकडी बनवली. ही तबकडी म्हणजे कॅल्क्युलेटर येण्यापूर्वी अभियंते वापरत त्या स्लाइड रूलची गोल बहीण. वनरक्षक ती खिशात ठेवत.

तबकडीवरचा सर्वोच्च आकडा होता १००. तो कुठून आला? १३ जानेवारी १९३९ च्या ‘ब्लॅक फ्रायडे’ वणव्यांतून. त्यात ७१ जणांचा बळी गेला होता. त्या दिवशीचे हवामान म्हणजे १००, याहून वाईट काय असणार, असा तो हिशेब होता. २००९ मध्ये काही ठिकाणी निर्देशांक या मर्यादेच्या कितीतरी पुढे गेला. वर्गवारीत मात्र सर्वांत वरचा ‘एक्स्ट्रीम’ हा वर्ग ५० पासूनच सुरू होत होता. ५५ चा दिवस आणि १५० चा दिवस लोकांना एकाच शब्दात सांगितला जात होता. थांबून घर वाचवण्याचा सल्लाही दोन्ही दिवसांसाठी एकच होता.

नंतर केलेल्या एका मोठ्या विश्लेषणात १९०१ ते २०११ दरम्यानच्या २६० वणव्यांतील ८२५ ज्ञात मृत्यू एकत्र मांडले गेले. नागरिकांच्या बाबतीत त्यातून दोन गोष्टी लख्खपणे दिसल्या. निम्म्याहून अधिक मृत्यू निर्देशांक १०० च्या वर असलेल्या दिवशी झाले होते, आणि ७८ टक्क्यांहून अधिक मृत्यू जंगलापासून ३० मीटरच्या आत. तिसरी गोष्ट थेट सल्ल्याच्या मुळावर येणारी होती. निर्देशांक १०० च्या पुढे गेलेल्या दिवसांत ६० टक्क्यांहून अधिक मृत्यू इमारतींच्या आत झाले होते. नेहमीच्या वणव्यात आसरा ठरणारे घर अशा टोकाच्या दिवशी सापळा ठरत होते.

नकाशा तयार होता, पण...

ब्लॅक सॅटर्डेची सर्वांत भीषण आग किलमोर ईस्ट इथली. दुपारी बाराच्या सुमारास तुटलेल्या वीजवाहिनीमुळे ती लागली आणि एकट्या त्या आगीने ११९ बळी घेतले. ती कशी पसरली हे समजून घेणे गरजेचे आहे, कारण आग्नेय ऑस्ट्रेलियातील जीवघेणे वणवे वारंवार याच पद्धतीने वागतात.

दिवसभर वारा उत्तर-वायव्येकडून असतो. आग लांबट, चिंचोळी जीभ काढत दक्षिण-आग्नेयेकडे धावते. तिचे टोक अरुंद असते, बाजू मात्र कित्येक किलोमीटर लांब. संध्याकाळी थंड हवेची लाट पोहोचते आणि वारा अचानक नैर्ऋत्येचा होतो. होरपळून निघालेल्या माणसांना हायसे वाटण्याचा तो क्षण. नेमक्या त्याच क्षणी ती लांबलचक पूर्वेची बाजू आगीचे नवे तोंड बनते. चिंचोळ्या जिभेचा रुंद नांगर होतो. ज्या गावांना आग आपल्या बाजूने निघून गेली असे वाटते, ती त्याच्या वाटेत येतात.

हे सगळे गणिताने आधी सांगता येते. त्या दिवशी राज्याच्या नियंत्रण केंद्रात मेलबर्न विद्यापीठाचे केविन टॉलहर्स्ट आणि त्यांचा गट आग कुठवर जाईल याचे अंदाज-नकाशे तयार करतही होता. पण त्या नकाशांचा उपयोग लोकांना वेळेत इशारा देण्यासाठी झाला नाही, हे पुढे चौकशी आयोगासमोर आले. शास्त्र होते, शास्त्रज्ञ त्याच इमारतीत होते. नकाशा टेबलावरून उचलून इशारा बनवण्याची वाट मात्र ठरलेली नव्हती.

संशोधन कमी पडले म्हणून माणसे मेली, असे म्हणणे सोपे आहे. ते पुरेसे खरे नाही. संशोधन आणि सायरन यांच्यामधली काही पावले कुणाच्याच जबाबदारीत नव्हती, हे अधिक खरे आहे.

ही संयुक्त व्यवस्था नेमकी काय आहे?

ऑस्ट्रेलियाने १९९० मध्ये ‘कोऑपरेटिव्ह रिसर्च सेंटर’ अर्थात सहकारी संशोधन केंद्रांची योजना जाहीर केली. विद्यापीठांनी एकट्याने शोधनिबंध लिहायचे आणि ते वापरणाऱ्यांनी ते कधी वाचायचेच नाहीत, ही दरी बुजवणे हा तिचा हेतू होता. केंद्र सरकार ठरावीक मुदतीसाठी पैसे देते. विद्यापीठे आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्या संस्था आपापला वाटा पैशांच्या, माणसांच्या किंवा साधनांच्या रूपात घालतात.

वणव्यांसाठीचे असे केंद्र, ‘बुशफायर सीआरसी’, २००३ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी जानेवारीत राजधानी कॅनबेराच्या उपनगरांत वणवा घुसला होता, चार जणांचा बळी गेला होता आणि सुमारे ५०० घरे जळाली होती. त्या आगीने स्वतःचे चक्रीवादळच निर्माण केले होते. आगीतून उठलेल्या झंझावाताची ती पहिली पक्की नोंद मानली जाते. २०१३ मध्ये पूर, चक्रीवादळ, भूकंप, उष्णतेची लाट यांनाही कवेत घेणारे ‘बुशफायर ॲण्ड नॅचरल हॅझर्ड्स सीआरसी’ आले. त्याला आठ वर्षांसाठी केंद्राचे ४ कोटी ७० लाख डॉलर मिळाले. २०२१ पासून ही जबाबदारी ‘नॅचरल हॅझर्ड्स रिसर्च ऑस्ट्रेलिया’ या संस्थेकडे आहे, आणि तिच्यासाठी दहा वर्षांची साडेआठ कोटी डॉलरची तरतूद आहे.

नावे बदलली, पण एक नियम राहिला. प्रत्येक प्रकल्पाला ‘वापरणारा’ जोडलेला असतो. म्हणजे एखाद्या राज्याच्या अग्निशमन दलातील, आपत्कालीन सेवेतील किंवा हवामान विभागातील अधिकारी पहिल्या दिवसापासून संशोधकांसोबत बसतो. प्रश्न काय असावा, यात त्याचे म्हणणे असते. ‘आगीच्या ज्वलनाचे त्रिमितीय प्रारूप’ असा विषय संशोधक आणतो आणि तो विचारतो, ‘रात्री दोन वाजता माझ्या हाताखालच्या माणसाला याचा काय उपयोग?’

इथे एक शंका रास्त आहे. ज्या दलांच्या सहभागावर संशोधन चालते, त्यांच्याच चुका ते दाखवेल का? ब्लॅक सॅटर्डेनंतर त्याची परीक्षा झाली. आग विझते न विझते तोच बुशफायर सीआरसीच्या तुकड्या जळालेल्या गावांत पोहोचल्या. शेकडो बचावलेल्यांच्या मुलाखती झाल्या, घरोघरी प्रश्नावल्या गेल्या, एकेका जळक्या घराचा पंचनामा झाला. आरएमआयटी विद्यापीठाचे जॉन हँडमर आणि सहकाऱ्यांनी प्रत्येक मृत्यूची परिस्थिती स्वतंत्रपणे तपासली. मृतांपैकी ४४ टक्के जण १२ वर्षांखालील मुले, सत्तरीपुढचे वृद्ध किंवा आजारी-अपंग होते. ‘थांबा आणि लढा’ हा सल्ला ज्या धडधाकट माणसाला डोळ्यांपुढे ठेवून दिला होता, तो बहुतेक घरांत एकटा नव्हता. त्याची म्हातारी आई आणि दोन लहान मुले सोबत होती. आणखी एक गोष्ट समोर आली : अनेकांनी थांबायचे की निघायचे, यापैकी काहीच ठरवले नव्हते. ते ‘बघू काय होते ते’ म्हणत वाट पाहत होते.

सल्ला बदलला. २००९ च्या पुढच्या हंगामापूर्वीच १०० च्या पुढच्या दिवसांसाठी ‘कॅटास्ट्रॉफिक’ हा नवा वर्ग आला. व्हिक्टोरियाने त्याला ‘कोड रेड’ म्हटले. अशा दिवशी घर कितीही तयारीचे असले तरी लवकर निघून जाणे हाच सुरक्षित पर्याय, हे सांगणे सुरू झाले. दलांच्याच पैशांवर आणि सहभागावर चाललेल्या अभ्यासाने दलांचाच सल्ला मोडीत काढला. या व्यवस्थेच्या बाजूने बोलायचे तर हा तिचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. पण तो मिळायला १७३ जीव जावे लागले, हेही तिच्याच खात्यावर आहे.

किती हेक्टर जाळले, यापेक्षा कुठे जाळले

वणवे रोखण्यासाठी थंडीच्या किंवा ओलसर दिवसांत जंगलातील पालापाचोळा नियंत्रितपणे जाळून टाकणे, हा जुना उपाय. आपल्या वन खात्याच्या जाळरेषा याच्या चुलत भावंडांसारख्या. मोठा वणवा झाला की ऑस्ट्रेलियात वाद ठरलेला : एक गट म्हणतो, पुरेसे जाळले नाही म्हणून हे झाले, दुसरा म्हणतो, जंगल जाळून जंगल वाचत नसते.

ब्लॅक सॅटर्डेच्या आयोगाने २०१० मध्ये ६७ शिफारशी केल्या. त्यातील एक होती, सरकारी जमिनीच्या किमान पाच टक्के क्षेत्रावर दरवर्षी नियंत्रित जाळणी करावी. आकडा स्पष्ट, मोजायला सोपा. मग सरकारी उद्दिष्टाचे जे होते तेच झाले. हेक्टर भरायचे असतील तर गावापासून लांबचे विस्तीर्ण, सपाट क्षेत्र जाळणे सोयीचे. घरांना लागून असलेली टेकडी जाळणे जोखमीचे, महागडे आणि धुराच्या तक्रारी ओढवणारे. पण लोक वाचतात ते त्या टेकडीमुळे.

वोलोंगाँग विद्यापीठातील संशोधकांनी सिडनी परिसराच्या नोंदींतून दाखवले की, तिथे वणव्याचे एक हेक्टर कमी करायला साधारण तीन हेक्टर आधी जाळावे लागते. म्हणजे कुठे जाळतो याला किती जाळतो याहून अधिक किंमत आहे. दुसरीकडे, मेलबर्न विद्यापीठाने बुशफायर सीआरसीच्या साथीने विकसित केलेल्या ‘फिनिक्स’ या संगणक प्रारूपातून हजारो काल्पनिक वणवे पेटवून पाहता येऊ लागले. आज इथे जाळले तर उद्या कोणती घरे वाचतील, याचा हिशेब मांडता येऊ लागला. २०१५ मध्ये व्हिक्टोरियाने पाच टक्क्यांचे उद्दिष्ट सोडले आणि ‘किती धोका कमी झाला’ हे मोजायला सुरुवात केली. हे माप कागदावर हेक्टरइतके चटकन दिसत नाही आणि प्रारूपावर विश्वास ठेवावा लागतो, ही त्याची अडचण आहेच. तरीही दोन्हींत निवड करायची तर दुसरेच योग्य आहे.

देशाच्या उत्तर टोकाकडची गोष्ट वेगळी आणि अधिक आशादायी आहे. तिथल्या गवताळ प्रदेशात मूलनिवासी समाज पिढ्यान् पिढ्या पावसाळा सरता सरता, गवत अर्धे ओले असताना, तुकड्या-तुकड्यांनी जाळत आला. ही माणसे जमिनीवरून हटवली गेली आणि ऐन उन्हाळ्याआधीच्या प्रचंड आगी वाढल्या. २००६ पासून पश्चिम अर्नहेम लँडमध्ये मूलनिवासी वनरक्षक आणि शास्त्रज्ञ एकत्र येऊन लवकरची जाळणी पुन्हा करू लागले. त्यातून कमी झालेल्या कर्बउत्सर्जनाचे पैसेही त्यांना मिळतात. सीआरसीच्या काळात डार्विनमधील संशोधक याच कामात होते. इथे ‘वापरणारा’ आणि ‘जाणणारा’ एकच आहे.

वाहनचालकाचे विज्ञान

वणव्यांच्या बातम्या होतात. पुराचे मृत्यू मात्र थेंबाथेंबाने घडतात. सीआरसीच्या एका अभ्यासात १९०० ते २०१५ या काळातील पुराचे १,८५९ मृत्यू नोंदले गेले. त्यातील जवळपास ८० टक्के पुरुष. अलीकडच्या दशकांत त्यात वाहन पाण्यात घालणाऱ्यांचे, आणि त्यातही मोठ्या फोर-व्हील गाड्यांचे प्रमाण वाढत गेल्याचे दिसले.

‘माझी गाडी उंच आहे’ या आत्मविश्वासाची तपासणी न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या जलप्रयोगशाळेने खऱ्या गाड्या पाण्यात सोडून केली. सुमारे टनभर वजनाची छोटी गाडी केवळ १५ सेंटीमीटर पाण्यात, ताशी ३.६ किलोमीटर इतक्या संथ प्रवाहातही सरकू लागली. हा वेग म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसाचा. अडीच टनांची दणकट गाडी ४५ सेंटीमीटरवर अस्थिर झाली आणि ९५ सेंटीमीटरवर पूर्ण तरंगली. तरंगणारी ती गाडी एका हाताने ओढता येत होती. आधुनिक गाड्या हवाबंद असतात, त्यामुळे त्या आधी होडी होतात. पावसाळ्यात फरशीवरून पाणी वाहत असताना ‘जातेय का बघू’ म्हणणाऱ्या कुणालाही हा प्रयोग दाखवण्यासारखा आहे.

२०१९ : तिकडे आग, इकडे पाऊस

एवढी तयारी असूनही २०१९-२० चा ‘ब्लॅक समर’ आला. सुमारे २ कोटी ४० लाख हेक्टर क्षेत्र जळाले. महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या तीन चतुर्थांशांहून हे अधिक आहे. तीन हजारांहून अधिक घरे गेली. आगीत ३३ जणांचा मृत्यू झाला, त्यात ९ अग्निशमन दलातील होते. सिडनीत आठवडेच्या आठवडे सूर्य तांबडा उगवत होता. धुरामुळे चारशेहून अधिक अतिरिक्त मृत्यू झाल्याचा अंदाज आहे, म्हणजे ज्वाळांपेक्षा कित्येक पटींनी जास्त. मॅलाकूटा या किनारी गावात ३१ डिसेंबरला सुमारे चार हजार लोक समुद्राकाठी अडकले. पुढे त्यातील हजारावर लोकांना नौदलाच्या जहाजाने बाहेर काढले.

या हंगामाचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. २०१९ मध्ये हिंदी महासागराच्या पश्चिम भागातील पाणी तुलनेने उबदार आणि पूर्व भागातील थंड, अशी स्थिती अतिशय तीव्र होती. तिला इंडियन ओशन डायपोल म्हणतात. ती ऑस्ट्रेलियाकडचा पाऊस हिरावते आणि भारतातील मान्सूनला सहसा पोषक ठरते. ऑस्ट्रेलियासाठी २०१९ हे नोंदींतील सर्वांत उष्ण आणि सर्वांत कोरडे वर्ष ठरले. इकडे मान्सूनने परतायला ९ ऑक्टोबरपर्यंत वेळ घेतला. तो इथे रेंगाळला, म्हणून ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागातही पाऊस उशिरा पोहोचला. आपल्याकडे शेतात सोयाबीन भिजत होते, तेव्हा तिकडे निलगिरीची जंगले काडीपेटी झाली होती.

ब्लॅक समरनंतरच्या राष्ट्रीय चौकशी आयोगाने ८० शिफारशी केल्या. त्यांपैकी एक अनेक वर्षे रेंगाळलेल्या कामाची होती : देशभर धोक्याची एकच वर्गवारी हवी. मॅकआर्थर यांची तबकडी जंगल आणि गवत या दोनच गोष्टी ओळखत होती. पश्चिम ऑस्ट्रेलियातील जंगलांत शंभरावर प्रायोगिक आगी लावून केलेल्या ‘प्रोजेक्ट व्हेस्टा’ने आधीच दाखवले होते की, जोराच्या वाऱ्यात ती आगीचा वेग कमी सांगते. शिवाय पाचोळ्याच्या वजनापेक्षा जमिनीलगत तो कसा रचलेला आहे, हे अधिक महत्त्वाचे ठरते. १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झालेली नवी प्रणाली आठ प्रकारच्या वनस्पतीक्षेत्रांचा स्वतंत्र विचार करते. जुने सहा वर्ग जाऊन चार उरले : मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम, कॅटास्ट्रॉफिक. हे चार शब्द आणि त्यांसोबतची सूचना लोकांना कळते का, हे देशभर सर्वेक्षणे करून तपासले गेले. तेही सीआरसीचेच काम. आगीच्या भौतिकशास्त्राइतकेच मराठी, पंजाबी किंवा व्हिएतनामी बोलणाऱ्या घरात ‘सिव्हिअर’ मोठे की ‘एक्स्ट्रीम’, हा गोंधळ महत्त्वाचा आहे, हे मान्य व्हायला मात्र बराच काळ गेला.

अडचण कुठे उरते?

पहिली, पैशांची. ऑस्ट्रेलियाच्या उत्पादकता आयोगाने २०१४ च्या अहवालात दाखवले होते की, आपत्तीनंतरच्या खर्चाच्या तुलनेत आपत्ती टाळण्यावर केंद्राचा खर्च जेमतेम तीन टक्के होता. पूल वाहून गेल्यावर तो बांधायला पैसे लगेच मिळतात. न वाहून गेलेल्या पुलाचे उद्घाटन करता येत नाही.

दुसरी, मुदतीची. २००३ ते २०१४, २०१३ ते २०२१, मग नवी संस्था. दर काही वर्षांनी केंद्राचा गाशा गुंडाळायचा आणि पुन्हा मांडायचा. एका वनस्पतीक्षेत्रात आग लागून पुन्हा इंधन साचायला दहा-पंधरा वर्षे लागतात, म्हणजे एका निरीक्षणाचे चक्र प्रकल्पाच्या आयुष्याहून मोठे. तरुण संशोधक कंत्राट संपण्याच्या आदल्या वर्षीच दुसरीकडे अर्ज करू लागतो, यात नवल नाही.

तिसरी सर्वांत अवघड. फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस लिस्मोर शहरात नदी १४.४ मीटरवर गेली, आधीच्या विक्रमापेक्षा सुमारे दोन मीटर वर. नव्या संस्थेने त्या वर्षीच्या पुरांचा अभ्यास करवून घेतला. रहिवाशांनी सांगितलेल्या गोष्टी ब्लॅक सॅटर्डेच्या मुलाखतींची आठवण करून देणाऱ्या होत्या. इशारे उशिरा आले किंवा जुने झालेले होते. अनेकांनी १९७४ च्या पुराची खूण डोळ्यांपुढे ठेवून सामान माळ्यावर चढवले आणि पाणी माळ्यावर आले. बऱ्याच जणांना शेजाऱ्यांनी स्वतःच्या छोट्या होड्यांतून वाचवले. १९३९ ची तबकडी आणि १९७४ ची खूण यांत फारसा फरक नाही. दोन्ही ठिकाणी आतापर्यंतचे सर्वांत वाईट तेच शेवटचे मानले गेले.

ऑस्ट्रेलियात नातेवाईक असतील तर...

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी मेलबर्न, सिडनी, पर्थ परिसरात राहणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवायला हवे : धोक्याची श्रेणी शहराची नसते, जिल्ह्याची असते आणि ती रोज बदलते. शनिवार-रविवारी डोंगराकडे किंवा समुद्राकाठी फिरायला जाताना घरच्या नव्हे, तर जिथे जायचे तिथल्या जिल्ह्याची श्रेणी पाहायची. रस्त्याकडेच्या अर्धगोल फलकावरचा बाण पांढऱ्या पट्टीवर असेल तर त्या दिवसाला श्रेणी नाही, याचा अर्थ आग लागणारच नाही असा नव्हे. ‘एक्स्ट्रीम’ म्हणजे जीव आणि मालमत्ता वाचवण्यासाठी लगेच पावले उचला. ‘कॅटास्ट्रॉफिक’ म्हणजे वणव्याच्या क्षेत्रातून निघून जा. आणि हे निघणे आदल्या रात्री किंवा पहाटेचे, धूर दिसल्यानंतरचे नाही.